भाकरीची खिडकी

तुरुंगाच्या फाटकासमोर उभा राहून मी "तीन तिकिटं द्या" असं म्हणालो. फाटकातल्या पोलिसानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मागं गाडीत बसलेल्या माझ्या बायकोकडं आणि सासूबाईंकडं पाहिलं, आणि विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"भेटायचं कोणालाच नाही. आत बघायचंय. कोठड्या, बेड्या वगैरे. अर्ध्या तासात बाहेर येऊ."

"अर्ध्या तासात बाहेर येऊ, असं समदेच म्हणतात," तो म्हणाला.

मी हसलो, आणि ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात काही सवलत आहे का, असंही विचारून घेतलं. माणूस एकदा उताराला लागला की मधे थांबत नाही.

"सर, हितं तिकीट न्हाई. कलम लागतं. एखादं लावून घ्या, मग ऱ्हावा निवांत."

तेव्हा कुठं मी पाटी वाचली. हा चालू तुरुंग होता. बघायचा तुरुंग, म्हणजे निजामाच्या वेळचा, जो रंगरंगोटी करून लोकांसाठी खुला केला होता, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी फोनमध्ये नुसतं 'जेल' असं टाकलं होतं आणि फोननं आपलं काम चोख केलं होतं. मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. "आधी पाटी वाचा," हे वाक्य मी पोरांना दिवसातून दहा वेळा ऐकवतो. हे बायकोला तोंडपाठ असल्यामुळं मी गाडीत येऊन बसलो तेव्हा तिनं काही म्हणायची गरज उरली नव्हती. ती नुसतं पाटीकडं बघत होती.

सासूबाई मात्र पाटीकडं बघत नव्हत्या. फाटकाशेजारी लिंबाखाली एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडं त्या बघत होत्या. गाडी वळली तरी मान मागं वळवून बघत राहिल्या.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्या देगलूरला माझ्या मेव्हण्याकडं असतात. रझाकाराच्या सालात, म्हणजे त्या सहा-सात वर्षांच्या असताना, त्यांचे वडील या जुन्या तुरुंगात होते. शिंदीची झाडं तोडली म्हणून धरलं होतं. निजाम सरकारला शिंदीपासून मिळणारं उत्पन्न बुडावं म्हणून तेव्हा सत्याग्रही ती झाडं तोडायचे. मामींची आई पोरीला घेऊन या गावी नात्यातल्या एका घरी येऊन राहिली. पुरुषांनी तुरुंगाकडं फिरकायची सोय नव्हती, गेलेला आतच राहायचा. बायांनी जायची रीत नव्हती. मग भाकरी पोहोचवायला ही पोरगी जायची. एक खिडकी होती, तिथं एक शिपाई बसायचा. त्याच्या हातात फडकं द्यायचं आणि परत यायचं.

एके दिवशी वडिलांच्या हाती अर्धीच भाकरी पडली. सुटून आल्यावर त्यांनी पोरीला विचारलं, ती म्हणाली, शिपायानं खाल्ली. एवढीच गोष्ट. पण ते जन्मभर ती सांगत राहिले, आणि ते गेल्यावर ती माझ्याकडं आली. कशी आली ते माहीत नाही. कुटुंबात जो जास्त बोलतो त्याच्याकडं अशा वस्तू आपोआप येतात.

मी ती नीट सांभाळली असं म्हणता येणार नाही. माझ्या हातात आल्यावर शिपायाला आधी मिशा फुटल्या. मग डोळे लाल झाले. अर्ध्या भाकरीची एक झाली, एकीच्या दोन, आणि मेव्हण्याच्या पोराच्या लग्नापर्यंत पाच झाल्या होत्या. शेवटी शिपाई ढेकर देतो. तो ढेकर मी इतका चांगला देतो की बारशाला आलेली पोरं दोनदोनदा मागून घेतात. पंचवीस वर्षं हे चाललेलं आहे. मामी कोपऱ्यात बसून ऐकत असतात. त्या कधी हसल्या नाहीत हे मला कधी खटकलं नव्हतं. वयस्कर माणसांना आपल्या गोष्टींचं हसू येत नाही, असा मी समज करून घेतला होता.

जुना तुरुंग आता बघायला मिळतो हे मामींना कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी हट्टच धरला. त्या खिडकीत एकदा अख्खी भाकरी ठेवायची. दुसरं काही नको. मेव्हणा म्हणाला, त्यात काय ठेवलंय, आता तिथं कोण खाणार. बायको म्हणाली, आपण नेऊ. नेऊ म्हणजे मी गाडी चालवायची. त्या रविवारी सकाळी आम्ही नांदेडहून निघालो, देगलूरला मामींकडं जेवलो आणि निघताना मामींनी पिशवीत दोन शिदोऱ्या ठेवल्या. एक पांढऱ्या फडक्यात, एक लाल.

"पांढरी आजोबांची. अन् लाल कोणाची?" बायकोनं विचारलं.

"हाय एकाची," मामी म्हणाल्या.

मी गाडीच्या आरशातून बघत हे ऐकलं. आमच्याकडं जावयाची शिदोरी वेगळ्या फडक्यात बांधतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासरहून निघताना ही रीत कधी चुकलेली नव्हती. 'हाय एकाची' यातला एक कोण, हे विचारायची मला तरी गरज वाटली नाही.

खऱ्या जुन्या तुरुंगावर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. इथं तिकिटाची खिडकी होती. मी पाटी दोनदा वाचली, मोठ्यानं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, आत खाद्यपदार्थ नेण्यास सक्त मनाई आहे.

दारावरचा रखवालदार पन्नाशीचा, खाकी शर्ट, पायात चपला. त्यानं पिशवीत बोट घालून बघितलं. "भाकरी हाय का? न्हाई जमायचं. लोक आत खाऊन कागद टाकतात, मुंग्या होतात."

"आमी खानार न्हाई, बाबा," मामी म्हणाल्या. "ठेवायची हाय."

"ठेवायची म्हनजे? देव हाय का आत?"

शेवटी असं ठरलं की मी पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसायचं, बायकोनं मामींना आत नेऊन आधी खिडकी शोधायची, मग काय ते बघू. मामींनी पिशवी माझ्याकडं देताना क्षणभर हात सोडला नाही. "नीट ठेवा," म्हणाल्या. मी म्हणालो, "मामी, मी कुठं जाणार आहे."

मी कुठं गेलो नाही. बाकावर बसलो. समोर दगडी भिंत, भिंतीला टेकून लावलेल्या गाड्या, मागच्या रस्त्यावरून येणारा ट्रॅक्टरचा आवाज. रखवालदारानं तंबाखू मळली, मला विचारलं, मी नको म्हणालो. दहा मिनिटं झाली. पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता. मी लाल फडकं सोडलं. दोन भाकरी, चटणी, एक कांदा. भूक नव्हती, दोन तासांपूर्वीच जेवलो होतो. पण सासरची शिदोरी आणि रिकामा वेळ एकत्र आले की माझं फारसं चालत नाही. पहिली खाल्ली. दुसरी एकटी राहिली म्हणून तीही खाल्ली. कांदा फोडायला जागा नव्हती म्हणून तो तसाच फडक्यात गुंडाळून ठेवला. वर ढेकर दिला. रखवालदारानं मान वर करून पाहिलं.

"भूक लई लागली होती वाटतं सरांना."

"सासरची आहे," मी म्हणालो.

"मंग बरोबर."

बायको आणि मामी बाहेर आल्या. मामींचा चेहरा उतरला होता. खिडकी सापडली नव्हती. आत सगळ्या कोठड्या बघून झाल्या, प्रत्येक भिंत चाचपून झाली, तशी खिडकीच नाही. "बुजवली आसल," असं मामी स्वतःशीच म्हणत बाकावर बसल्या.

"तुम्ही एकदा बघून या," बायको मला म्हणाली. "तुमचं तिकीट हाय तसंच. अन् पाट्या वाचा."

मी आत गेलो. तुरुंग नीटनेटका केलेला होता. चुन्याचा ताजा रंग, त्यावर बदामात कोरलेली नावं, तीही ताजीच. काचेच्या पेटीत बेड्या. एका कोठडीत प्लॅस्टरचा कैदी जात्यावर दळत बसवला होता. करणाऱ्यानं त्याला पोट जरा सुटलेलं दिलं होतं, त्यामुळं तो कैदी कमी आणि हिशेबात गढलेला किराणा दुकानदार जास्त वाटत होता. लातूरहून आलेल्या एका कुटुंबानं मला फोन देऊन गजाआडचा फोटो काढायला सांगितला. "जरा दुःखी चेहरे करा," मी म्हणालो. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण धाकटीला हसू आलं आणि मग सगळेच हसले. तोच फोटो चांगला आला.

रिकाम्या एका कोठडीत मी थोडा वेळ उभा राहिलो. लांबी माझ्या दोन पावलांहून थोडी जास्त. वर, हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर, एक झरोका. खाली खिडकी नाही. इथं आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं मला वाटलं. वाटलं ते एवढंच की आत दमट आहे आणि चटणीत लसूण जरा जास्त झाला होता.

बाहेर आलो तेव्हा मामी अजून तशाच बसलेल्या. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. इतक्या लांब येऊन भाकरी परत न्यायची, हे काही बरं दिसत नव्हतं. रखवालदाराला विरघळवावं आणि निदान एका कोठडीत तरी ती ठेवायची परवानगी काढावी, असं माझ्या मनानं घेतलं. माझ्याकडं त्यासाठी एकच हत्यार होतं. मी ते काढलं.

गोष्ट सुरू केली. शिंदीची झाडं, सहा वर्षांची पोर, उन्हात तापलेला रस्ता. लातूरचं ते कुटुंबही बाहेर येऊन ऐकायला थांबलं, म्हणून मी जरा आवाज चढवला. शिपाई आला, मिशा आल्या, लाल डोळे आले. भाकरी पाचच ठेवल्या. ढेकर मात्र दिला नाही. तो आधीच होऊन गेला होता.

रखवालदार गंभीरपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हनजे शिपाईच चोर का, सर? मी पन शिपाईच हाव. तासाभरापास्नं तुमची पिशवी माझ्यापुढंच हाय. म्या हात लावला का?"

"तुम्हाला नाही हो. तो निजामाचा."

"निजामाचा आसू दे न्हाईतर कोणाचा. पोट भाकरीनंच भरत आसल की त्याचं बी."

मी पुढं काही बोलणार तेवढ्यात मामी म्हणाल्या, "शिपायानं न्हाई खाल्ली."

त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. पण आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो.

"म्या खाल्ली," मामी म्हणाल्या. "त्या दिशी घरात पीठ सरलं व्हतं. एकच भाकर झाली, ती बापाला बांधली. आई मला म्हनली, पीठ मागून आनते, येऊन खा. वाटंत चिंचंखाली बसून म्या अर्धी खाल्ली. खिडकीपाशी गेले तर त्या शिपायानं फडकं सोडलं. माझ्या तोंडाला पीठ लागलेलं. म्हातारा व्हता, वाळलेला. मिशा न्हवत्या. त्यानं त्याच्या हातानं माझं तोंड पुसलं अन् म्हनला, कोन पूछे तो बोल, सिपाही खाया."

मामी पांढऱ्या फडक्याची गाठ चाचपत राहिल्या.

"मंग पुलिस अ‍ॅक्शन झाली, बाप सुटला. एकदा बाजारात आमी चाललो व्हतो, बापाचं बोट धरून. तो म्हातारा पेरू इकत बसलेला. बाप समद्या लोकांत म्हनला, ह्यो बगा, कैद्याची भाकर खानारा. लोक जमले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाह्यलं. म्या खाली बगितलं. तो म्हनला, हौ. खाया. मंग त्याचे पेरू कोनी घेतले न्हाईत."

लातूरच्या कुटुंबातली धाकटी आईच्या मागं सरकली. माझी बायको आईकडं अशी बघत होती, जशी तिला पहिल्यांदाच बघत असावी. आणि मी मनातल्या मनात बारशी, मुंजी, लग्नं मोजत होतो.

"मंग आजोबांना का न्हाई सांगितलं, आई?" बायकोनं विचारलं.

"आदी मार बसंल म्हून. मंग बाप म्हातारा झाला म्हून. मंग हे सांगायला लागले," मामींनी माझ्याकडं बोट केलं, "तर लोक हसायले. हसत्या लोकांत कसं सांगावं?"

रखवालदारानं तंबाखू थुंकली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आजी, भाकरी बाहेरून द्यायच्या ना तुमी?"

"हाव."

"मंग खिडकी आत कशाला शोधून राहिले? ती बाहेरच्या अंगाला असंल. तिकडं जायला तिकीट बी लागत न्हाई अन् माझी मनाई बी न्हाई."

मी ग्रंथपाल, माझी बायको शाळेत गणित शिकवते. आम्ही तिघं तासभर आतल्या भिंती चाचपत होतो.

मी पिशवी घेतली आणि आम्ही भिंतीला वळसा घालून गेलो. तिथं रखवालदाराचीच मोटारसायकल उभी होती. त्यानं ती हलवली. मागं, भिंतीत, हातभर रुंदीची खिडकी. गज गंजलेले, आतून सिमेंटनं बुजवलेली, पण बाहेरचा दगडी उंबरा तसाच, मधे झिजून खोलगट झालेला. मामींच्या छातीपर्यंत येत होता.

"तवा दगडावर चडावं लागायचं," मामी म्हणाल्या. त्यांनी दगड शोधला. नव्हता.

पांढरं फडकं सोडून त्यांनी अख्खी भाकरी उंबऱ्यावर ठेवली. मग माझ्याकडं हात केला. "ते लाल द्या. त्या म्हाताऱ्याची हाय."

मी लाल फडकं दिलं. त्यांनी सोडलं. कांदा.

"मामी, मला वाटलं…" मी म्हणालो. "जावयाची वेगळी बांधतात ना, म्हणून."

"भूक लागली व्हती?"

खोटं बोलता आलं असतं. "तशी नव्हती," मी म्हणालो.

मामींनी मान हलवली, इतकी सावकाश की तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. रखवालदार मोटारसायकल लावून परत आला. त्यानं उंबऱ्यावरची एक भाकरी पाहिली, मामींच्या हातातलं लाल फडकं पाहिलं, त्यात नुसता कांदा.

"दुसरी कुठं गेली, आजी?"

"म्या खाल्ली," मामी म्हणाल्या. "म्हाताऱ्या मानसाला दम निघत न्हाई, बाबा."

रखवालदारानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं मला खाताना पाहिलं होतं, ढेकरही ऐकला होता. मी भिंतीकडं पाहिलं. दगड चांगले घडवलेले होते.

मामींनी उंबऱ्यावरची भाकरी परत हातात घेतली आणि मधोमध मोडली. "बापाला तरी अर्दीच द्यायची ऱ्हायली व्हती," असं म्हणत एक अर्धी डावीकडं ठेवली. दुसरी उजवीकडं. उजवीकडच्या अर्धीवर कांदा ठेवला. मग दोन्ही फडकी झटकली, घडी केली, पिशवीत घातली. हात जोडले नाहीत, काही पुटपुटल्या नाहीत. "चला," म्हणाल्या.

"संध्याकाळी मी गाईला घालीन," रखवालदार म्हणाला. "मुंग्या होतात."

"घाल," मामी म्हणाल्या.

मामींना देगलूरला सोडलं. उतरताना त्यांनी नेहमीसारखं मला दुधाची बाटली आणि बायकोला मेथीची जुडी दिली. शिदोरी बांधली नाही. बिलोलीच्या फाट्यापर्यंत बायको मेथी निवडत होती. मला वाटलं, प्रकरण मिटलं. मी म्हणालो, "आता ही गोष्ट सांगायची कशी, हाच प्रश्न आहे."

"मिशा काढून सांगा," ती म्हणाली. मग खिडकीतून बाहेर बघत पुढं म्हणाली, "आईची अर्धी पोचली. तुमच्या दोन ऱ्हायल्यात. पुढच्या रविवारी परत जायचंय. ज्वारी दळून आणा, अन् थापायचं मला सांगू नका."